अर्धा दाणा

पिल्लूचा खोकला चार महिने हटत नव्हता. "ऑफिसातल्या एसीत गारठायचं आणि तेच दूध लेकराला पाजायचं, मग ते खोकणार नाही तर काय गाणं म्हणणार?" सासूबाई म्हणायच्या. मी दही सोडलं, केळी सोडली, तीन डॉक्टर बदलले. गेल्या महिन्यात नवऱ्याने समजावलं, "तू घरी राहिलीस तर बरा होईल गं तो." मग नोकरीही सोडली.

चौथ्या डॉक्टरीणबाईंनी छाती दोन्ही बाजूंनी कान देऊन तपासली आणि विचारलं, "खाताना कधी मोठा ठसका लागला होता का?" मला काही आठवेना. मी नवऱ्याकडे पाहिलं. "छे, कधीच नाही," तो म्हणाला. तरी त्यांना उजवीकडचा श्वास कमी ऐकू येत होता. दुसऱ्या दिवशी भूल देऊन दुर्बीण घातली, तर श्वासनळीतून अर्धा शेंगदाणा निघाला.

पिल्लू माझ्या मांडीवर झोपलं. चार महिन्यांत पहिल्यांदा त्याची छाती घरघरत नव्हती. समोरच्या बाकावर सासूबाई हमसून हमसून रडत होत्या. मी काही विचारण्याआधीच नवरा कानाशी पुटपुटला, "आईला काही बोलू नकोस हं. दाणे तिनेच भरवले होते, पण ठसका लागला त्याच संध्याकाळी तिने मला सगळं सांगितलं होतं. ती तुलाही सांगणार होती. तू उगाच चिडशील, म्हणून मीच तिला गप्प बसवलं."