खोकल्याच्या जागा

आई गेल्यावर धाकट्या बहिणीने दादाकडे एकच गोष्ट मागितली. "आईचं ते शेवटचं रेकॉर्डिंग आहे ना, त्यातला खोकला तेवढा काढून दे. मला ऐकवत नाही रे. पण तिचा आवाज जराही बिघडवू नकोस."

दादाचं पोट याच कामावर चालायचं. दुपारी स्टुडिओत बसून त्याने अकरा ठिकाणचा खोकला अलगद कापला आणि उरलेले तुकडे जसेच्या तसे जोडले. आवाजाला कुठे ओरखडासुद्धा उमटला नाही.

मग त्याचं लक्ष फाइलच्या लांबीकडे गेलं. आधी ती चार मिनिटांची होती. एवढं कापूनही चारच मिनिटांची होती.

त्याने हेडफोन लावून पहिल्यापासून ऐकलं. आई शेजारच्यांच्या मांजराबद्दल सांगत होती. जिथे पहिला खोकला होता, तिथे ती स्वच्छ आवाजात म्हणाली, "दार उघडू नकोस." आणि लगेच पुन्हा मांजराकडे वळली. दुसऱ्या जागी तेच. चौथ्या जागी ती चक्क ओरडली.

दादाने मूळ फाइल लावून पाहिली. तिथे नुसता खोकला होता.

त्याने बहिणीला फोन लावला. "चिमे, घरीच आहेस ना? दार बंद ठेव. कुणीही आलं तरी उघडू नकोस."

"पुरे झाली मस्करी," ती हसत म्हणाली. "मघापासून बेल वाजवतोयस, बाहेरून हाका मारतोयस, आणि वर फोन करून म्हणतोस उघडू नकोस? थांब दादा, आलेच."