काशीचं गप्प बसणं

होडी उरणजवळ मोऱ्याच्या धक्क्याला लागली, तेव्हा धर्मानं बायकोचं बोचकं स्वतःच उचललं. चार दिवस माहेरपणाला आलेय, असं काशीला वाटत होतं. तिला कायमची सोडायला आणलंय, हे फक्त धर्माला ठाऊक होतं. निघताना दिवाळे गावच्या घरी त्याची आई येसूबाई एवढंच म्हणाली होती, "पोर झुरते रं आपल्याकडं. तिचे आयेजवल सोडून ये."

लग्नाला आठ महिने झाले होते. काशी घरातलं सगळं करायची, पण बोलायची नाही. नवी नवरी म्हणून येसूबाईनं तिला अजून मासळी विकायला बाजाराला नेलं नव्हतं. संध्याकाळी धर्मा ओट्यावर जाळं विणत बसला की ती शेजारी येऊन बसायची आणि खाडीकडं बघत राहायची. आपण तिला आवडलो नाही, असं धर्मानं मनाशी धरलं होतं. तिला तसं विचारायचं मात्र त्याचं धाडस झालं नव्हतं.

उरणच्या मासळीबाजारात धर्माची सासू शेवंताबाई भरली पाटी पुढं घेऊन नुसतीच बसली होती. शिंगाळा माशाचा काटा लागून तिचा हात सुजला होता. काशीनं ते पाहिलं, पदर खोचला आणि आईच्या जागी बसली.

"या गो बायांनो! आत्ता होडीतून उतरलाय म्हावरा!"

धर्मा दचकला. हा आवाज त्यानं कधी ऐकलाच नव्हता.

"बोंबील लय मऊ पडलाय गं," एक गिऱ्हाईक कुरकुरलं.

"मावशे, बोंबील हाय तो. हवालदार नाय ताठ उभा ऱ्हावाला!"

सगळा बाजार हसला. धर्माही हसला. एका म्हाताऱ्याला आणे जाऊन आलेले नवे पैसे समजत नव्हते. काशीनं त्याला ते असे समजावले की शेजारच्या कोळणी हसून हसून डोळे पुसायला लागल्या. पाटी रिकामी होईपर्यंत तिचं तोंड थांबलं नाही. धर्माचं हसू मात्र केव्हाच मावळलं होतं. हिला बोलता येतं. आपल्याशीच बोलायचं नसतं.

हात धुऊन काशी त्याच्याजवळ आली आणि बांधावर बसली. पुन्हा गप्प.

धर्मा तिच्याकडं न बघता म्हणाला, "तू हितंच ऱ्हा. माजे आयेनंही तसाच सांगितलाय. हितं तू हसतेस तरी."

काशीचा चेहरा पांढरा पडला. "माजा काय चुकला?"

"चुकला काय नाय. आठ महिने माज्याशी बोलली नाय तू. मना काय समजत नाय?"

काशीनं खोचलेला पदर सोडला. मग हळू बोलायला लागली.

"मना बाजारात बोलाला आवडता. लय आवडता. पन बोलून झाला का मना कोपऱ्यात बसावा वाटता. हितं जरा गप बसले का आय इचारते, काय झाला? बाबा इचारतो. शेजारीन मीठ-मिरच्या ओवालते. ल्हानपनापासून असाच. तुमचे बाजूला बसले तं तुमी कदी इचारला नाय. मना वाटला, ह्यो मानूस वलखतो मना. जल्मात पयल्यांदा पोटभर गप बसले मी."

आपण विचारलं नाही ते भीतीपोटी, हे तिला सांगावंसं धर्माला वाटलं. पण त्यानं सांगितलं नाही. छातीवरचं आठ महिन्यांचं ओझं कुणीतरी उचलून नेलं होतं.

"तुजे आयेचा हात बरा होऊ दे," तो म्हणाला. "मंग मी येतो न्यावाला. आनि आपली आय बेलापूरच्या बाजाराला जाते ना, तिच्यासंगती तूही बस."

"खरंच?"

"खरंच."

चार दिवसांनी दोघं परतीच्या होडीत बसली. मोरा मागं पडला, खाडीचं तोंड आलं, तरी दोघांत एक शब्द झाला नव्हता. होडीवाला बाळाराम मघापासून त्यांच्याकडं बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही.

"काय रं धर्मा, भांडलाव काय दोघा?"

"नाय रं," धर्मा म्हणाला. "आमी लय मजेत हाव."