हलका बाक

मालक बाकावर धपकन बसले आणि शाळांसाठी खरेदी करणाऱ्या साहेबांनाही त्यांनी हाताला धरून शेजारी बसवलं. दोघांचीही पोटं चांगली सुटलेली. बाकाने हूं की चूं केलं नाही.

"भुसा आणि प्लास्टिक!" मालक म्हणाले. "आत नुसता फेस. लाकडाच्या निम्मंही वजन नाही. मुलं काय, हत्ती बसवा! आमच्या या मॅडमनीच शोधून काढलंय."

मॅडम दाराशी उभी होती. याच मापाचा बाक परवा तिच्या डोळ्यांदेखत मधोमध मोडला होता. भुसा नीट वाळला नाही की फेसाचे बुडबुडे मोठे होतात आणि फळी आतून पोकळ राहते. अजून काम बाकी आहे, हे ती मालकांना घसा कोरडा करून सांगत होती. मग हा कसा मोडत नाही?

ती बाकापाशी आली, पेन पडल्याचं निमित्त करून वाकली आणि तिने बाकाखाली हात घातला. बोटांना गार लोखंड लागलं. फळीला खालून पाइप बसवून त्यावर रंग फासला होता. रंग अजून चिकट होता.

मालकांनी डोळ्यांनीच दटावलं. ती सरळ उभी राहिली.

"साहेब, एवढा हलका आहे म्हणतात, तर एकदा उचलून बघा ना."

मालकांचा चेहरा खाडकन उतरला. साहेब उठले, मालकांनाही उठावं लागलं. साहेबांनी बाकाची एक बाजू धरून जोर लावला. बाक जागचा हलेना. मग ते खाली वाकले आणि बराच वेळ बघत राहिले. तिच्या जिवात जीव आला.

साहेब रुमालाला बोटं पुसत मालकांकडे वळले.

"शाळांत जातील ते तरी हलके असतील ना?"

"अगदी... अगदी पिसासारखे."

"मग झालं तर. गाडीभाडं वाचेल."

मालक आधी दचकले, मग खो खो हसत सुटले. साहेबही हसले. त्यांच्या मिशीत अडकलेला बिस्किटाचा चुरा बाकावर सांडला. मालकांनी तो तळहाताने झटकला आणि फोटो काढायला शिपायाला हाक मारली.

दोघं पुन्हा बसले. सरकून त्यांनी मधे तिच्यासाठी जागा केली. ती उभीच राहिली. त्यांच्याकडे तिला बघवेना.

"बसा हो मॅडम," साहेब त्या जागेवर थाप मारत म्हणाले. "हा नाही मोडायचा."