ठसका

तिन्हीसांजेला बाळाची दृष्ट काढायची म्हणून आवडीआजीने मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्यांची पुडी बांधून ठेवली होती. दुपारी डब्यात मिरची नव्हती, तेव्हा सून सेजलने पुडीतल्याच मिरच्या भाजून लसणाची झटपट चटणी वाटली. पुडीत दुसऱ्या मिरच्या आणून घालायचं ती विसरली.

सांजेला आवडीआजीने पुडी बाळावरून उतरवून चुलीत टाकली.

"बघ गो, ठसका नाय कुणाला, म्हणजे दृष्ट लय मोठी! शेजारच्या शेवंताचीच. पोर नाय ना तिला! उद्या बारशाला तिला बोलवायचं नाय."

शेवंताकाकूने पोलादपूरहून आणलेलं झबलं बाळाच्या अंगावरच होतं. सेजलला पुडीतल्या मिरच्या आठवल्या, पण तिने ताटं वाढायला घेतली.


जेवताना चटणीच्या पहिल्याच घासाला तिला असा ठसका लागला, की डोळ्यांतलं पाणी थांबेना.