नॉर्गार्डांचा करार

"करार म्हणजे करार," मॅव्हिस म्हणाली आणि विषय संपल्यासारखं टोस्टवर लोणी फासू लागली.

विषय संपला नव्हता. वेंडेल नॉर्गार्डनं कॉफीचा मग खाली ठेवला. "या वेळी निवडणुकीला तोइवो उभा आहे, मॅव्हिस. आपला शेजारी. तुझं अपेंडिक्स फुटलं तेव्हा बर्फातून दवाखान्यात कुणी नेलं तुला?"

"तोइवोनं. तू आयोवात होतास. मत कुणाला देणार म्हणून लोकांना विचारत."

हे खरं होतं. वेंडेलची सगळी हयात लोकांना हेच विचारण्यात गेली होती. कुठला मतदार किती थंडीत घराबाहेर पडतो, कुठला नुसतं तोंडदेखलं हो म्हणतो, कुठली बाई नवरा शेजारी असला की एक नाव सांगते आणि तो उठून गेला की दुसरं, हे त्याला पाठ होतं. दुलूथच्या वर्तमानपत्रात त्याचे अंदाज छापून येत आणि बहुतेक वेळा खरे ठरत. अख्ख्या मिनेसोटाची मतदारयादी त्याच्या संगणकात होती. कोण मतदानाला गेलं, कोण नाही, सगळं त्यात. फक्त स्वतःच्या घराचा पत्ता त्यानं कधी शोधला नव्हता. घरातले कागदपत्र मॅव्हिस बघे, आणि बायकोची झडती घेणारा नवरा सुखी नसतो, असा त्याचा अनुभवाशिवायचा सिद्धांत होता.

लग्नानंतरच्या पहिल्याच निवडणुकीत दोघांचं असं वाजलं होतं की त्याच्या आईनं दिलेलं सूपपात्र त्यात गेलं. वेंडेल रिपब्लिकन, त्याचा बाप आणि बापाचा बापही. मॅव्हिस कॅनडातल्या थंडर बे गावची. ती येतानाच उलटी मतं घेऊन आली होती. काचा गोळा करता करता तिनंच तोडगा काढला. "तू एक मत देणार, मी त्याच्याविरुद्ध एक देणार. बेरीज शून्य. त्यापेक्षा दोघंही घरी बसू."

वेंडेल आकड्यांचा माणूस. त्याला हा हिशेब इतका आवडला, की पुढे तो व्याख्यानांतही सांगू लागला. असे करार करणारी जोडपी पुष्कळ असतात, आणि बहुधा दोघांतलं एक जण चोरून मत देऊन येतं, असंही तो सांगे. "आमच्याकडे तसं नाही हं," म्हणे. लोक हसत. त्यालाही हसू येई, पण त्याची छाती थोडी फुगलेली असे.

"एकदाच," तो आता म्हणाला. "तोइवोची लढत अगदी काठावर आहे. मी जातो, तू नको जाऊस."

"वा रे वा! आणि मी इथं बटाटे सोलत बसू? तू गेलास तर मीही निघाले. मग बघ."

"त्यानं काय साधणार?"

"काहीच नाही. म्हणून तर सांगते, बस गप."

दुपारी तो दूध आणायला म्हणून निघाला आणि गाडी आपसूक चर्चसमोर थांबली. आत मतदान चाललं होतं. रांग छोटी होती. पाच मिनिटांचं काम. घरी कुणाला कळलंही नसतं.

तो स्टिअरिंगला धरून बसून राहिला. दोन दिवसांपूर्वी तोइवो कुंपणापाशी येऊन म्हणाला होता, "वेंडेल, या वयात पडलो तर पुन्हा उभं राहायचं बळ नाही रे." आणि इकडे मॅव्हिस, शब्द पाळून इतकी वर्षं घरी बसलेली. असल्या बाईला फसवायचं? वेंडेलनं गाडी वळवली.

मॅव्हिस खिडकीतच उभी होती. "जाऊन आलास?"

"दुधाला."

तिनं आधी त्याच्या कोटाकडे पाहिलं. मत देऊन येणाऱ्यांना छातीवर लावायला लाल स्टिकर देतात, तो नव्हता. मग पिशवीत पाहिलं.

"दूध कुठंय?"

"विसरलो," तो म्हणाला.

संध्याकाळी नेहमीसारखी दोघं सरोवराकाठी धुरी दिलेला मासा खायला गेली. मॅव्हिसनं निम्मा ताटात टाकला.

तोइवो एका मतानं पडला. फेरमोजणी झाली, तरी एकच. फेरमोजणीच्या दुसऱ्या सकाळी तो नॉर्गार्डांच्या स्वयंपाकघरात येऊन बसला.

"एक मत, वेंडेल! बरोबरी झाली असती तर निदान चिठ्ठ्या टाकल्या असत्या. माझा मेव्हणा बदकं मारायला गेला होता. आता त्यालाच मारतो!"

वेंडेलनं मान खाली घातली. "आम्हीही गेलो नाही, तोइवो."

"तुमचं सोड रे. तुम्हा दोघांना मी धरतच नाही. तुमचं शून्य."

मॅव्हिसनं नळ सोडला. सिंकमध्ये एकही भांडं नव्हतं.

तोइवो गेल्यावर वेंडेल म्हणाला, "दोघं गेलो असतो तरी तो एकानंच पडला असता. आपल्याकडे दोष येत नाही."

"हो," मॅव्हिस म्हणाली. तिनं नळ बंद केला. मग विचारलं, "उद्या मला लायब्ररीत सोडशील?"

दुसऱ्या दिवशी गाडी लावून वेंडेल तिच्या मागोमाग तळघरातल्या खोलीत शिरला. लांब टेबलाशी दोन सोमाली बायका आणि एक मेक्सिकन स्वयंपाकी कागद पुढे घेऊन बसले होते. समोरची तरुणी मॅव्हिसला पाहून लगबगीनं उठली.

"बरं झालं आलात, बाई. आज मदतीला माणसं कमीच आहेत. मदतनिसांच्या खुर्च्या इकडे."

"नाही गं पोरी," मॅव्हिस म्हणाली आणि सोमाली बायकांच्या शेजारी जाऊन बसली. "मी या बाजूची. मला अमेरिकेची नागरिक व्हायचंय."