लपाछपी

चष्मा तळ्याकाठच्या दगडावर होता. दोन्ही काड्या नीट मिटून ठेवलेला. पोर कुठंच नव्हती.

तो चष्मेवाला होता. हा चष्मा त्यानंच बनवला होता, त्यामुळे त्याच्याशिवाय तिला किती कमी दिसतं हे त्याला चांगलंच ठाऊक होतं. नंबर पुन्हा वाढला तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई बोलल्या होत्या, "घरात कोंडून ठेवू नका हो तिला. उघड्यावर न्या, लांबचं बघू दे." आज कुठं दुकानाला कुलूप लावून त्यानं तिला बागेत आणलं होतं. आणि बाकावर टेकतो न टेकतो तोच गिऱ्हाइकाचा फोन आला होता.

"चिमणे!" त्यानं हाक मारली. मग पुन्हा. मग आवाज फाटेपर्यंत.

झाडांना पाणी घालणारी माळीणबाई पाइप टाकून धावत आली. "काय झालं, दादा?"

"माझी मुलगी. एवढीशी आहे. इथंच होती."

"कपडे कसले घातलेत?"

"पिवळे," तो म्हणाला. "नाही... निळे असतील." सकाळी तिला तयार तिच्या आईनं केलं होतं. फोनवरच्या माणसाला कसली फ्रेम हवी होती, ते मात्र त्याला अगदी स्पष्ट आठवत होतं.

"पोहता येतं का तिला?"

"ती घराबाहेरच पडत नाही हो!"

आणि तो बुटांसकट पाण्यात शिरला. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला, छातीला. श्वास रोखून तो बुडी मारायचा, गाळात दोन्ही हातांनी चाचपडायचा, वर यायचा, पुन्हा बुडायचा. हाताला एक चप्पल लागली. तो जीव मुठीत धरून वर आला, डोळ्यांतलं पाणी निपटून त्यानं ती पाहिली. मोठ्या माणसाची होती. ती फेकून तो पुन्हा खाली गेला.

"दादा, मागं फिरा! पुढं खोल आहे!" माळीणबाई काठावरून ओरडत होती. पोरीच्या आईला काय तोंड दाखवू, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत होतं.

"बाबा, मी तिकडं नाहीये!"

काठावरच्या झुडपातून ती सरपटत बाहेर आली. गुडघ्यांना माती, केसांत वाळकी पानं. "पाण्यात कुणी लपतं का?"

धडपडत, घसरत तो काठावर आला. मारायला हात उचलला आणि त्याच हातानं तिला छातीशी ओढलं.

"चष्मा का काढलास?"

"पळताना फुटला की तुम्ही ओरडता." ती त्याच्या ओल्या शर्टातून तोंड सोडवत म्हणाली. "मी सांगितलं होतं, मी लपते, तुम्ही शोधा. तुम्ही फोनवर 'हं' म्हणालात."

माळीणबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि ती पाइपकडे वळली.

"चला, आता राज्य माझ्यावर. लपा तुम्ही."

ती झाडाकडे तोंड करून मोठमोठ्यानं आकडे म्हणू लागली. म्हणून झाले तशी गर्रकन वळली. तो तिच्या पाठीशीच उभा होता, निथळत, जागचा न हललेला.

"काय हो बाबा," ती वैतागून म्हणाली, "तुम्हाला तर खेळताच येत नाही!"