वजन बाजूला ठेवलं तर

माणिकपूरच्या बॉक्सिंग क्लासमध्ये ब्रायन सर पोरांना 'पाउंड फॉर पाउंड' म्हणजे काय ते सांगत होते. "लहान चणीचा बॉक्सर कितीही तरबेज असला तरी हेवीवेटपुढे टिकत नाही. मग सगळ्यांत भारी कोण, हे ठरवायचं कसं? म्हणून जुन्या लोकांनी वजन बाजूला ठेवून नुसतं कसब तोलायला सुरुवात केली. तसं बघाल तर आपल्या अख्ख्या तालुक्यात सिद्धेशच्या तोडीचा कोणी नाही." पन्नास किलोचा सिद्धेश लाजून हसला.

रविवारी कळंबच्या एका रिसॉर्टवर खासगी सामने होते. कुणाचा तरी फोन आला म्हणून सर धावतपळत तिथं पोचले. रिंगमध्ये सिद्धेश उभा होता, आणि समोरून दोर वाकवत नव्वद किलोचा एक धिप्पाड गडी आत शिरत होता.

सरांनी आयोजकाची कॉलरच धरली. "जीव घ्यायचाय का पोराचा? थांबवा हे!"

"मी नकोच म्हणत होतो, सर. तोच हट्टाला पेटला. म्हणाला, सरांचा शब्द आहे, मी कुणालाही भारी पडेन."

"सिद्धेश, उतर खाली!" सर जिवाच्या आकांतानं ओरडले.

गर्दीच्या गोंगाटात त्याला ते ऐकूच गेलं नाही. सर आलेले पाहून त्यानं आनंदानं दोन्ही ग्लोव्ह जोडून नमस्कार केला, आणि घंटा वाजली.